उताऱ्याबाहेरचा अभ्यास

कॅटच्या, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेच्या, तयारीला लागलेल्या मुलांमध्ये एक नमुना दर वर्षी हमखास भेटतो. क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, त्याचा हात धरणारं कोणी नसतं, डीआयएलआरचे, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचे, सेट तो बसल्या बैठकीत सोडवतो, पण व्हर्बलचं नाव काढलं की चेहरा पडतो. मॉकमागून मॉक देऊनही व्हीएआरसी या व्हर्बलच्या भागाचा पर्सेंटाइल जिथे रुतला तिथून हलत नाही. गेल्या काही वर्षांच्या पेपरांत या भागाला 40 मिनिटं आणि 24 प्रश्न आहेत. त्यातले 16 आरसीचे, उताऱ्यावरच्या आकलनाचे, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न. बरोबर उत्तराला तीन गुण, ऑप्शनच्या प्रश्नात चुकलं तर एक वजा. शिवाय आयआयएम एकूण पर्सेंटाइलबरोबर प्रत्येक भागाचा वेगळा कटऑफही लावतात. त्यामुळे गणितातल्या कमाईने इथला खड्डा बुजत नाही.

अशा मुलाला उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नाही. आधी प्रश्न वाच, मग उताऱ्याकडे वळ. पहिला आणि शेवटचा परिच्छेद नीट वाच, मधलं चाळ. टोकाचे शब्द दिसले की तो ऑप्शन काट. रोज तीन आरसी सोडव म्हणजे सोडव. मुलगा हे सगळं इमानेइतबारे करतो, दोन-तीन मॉकमध्ये गुण थोडे वर सरकतात आणि पुन्हा तिथेच थांबतात. मग तो म्हणतो, माझं इंग्रजीच कच्चं आहे; आणि 'वर्ड पॉवर मेड इझी' हे शब्दसंग्रहाचं पुस्तक उघडून बसतो.

माझं म्हणणं असं की आरसीचे गुण आरसी सोडवून फारसे वाढत नाहीत. उतारे सोडवल्याने परीक्षेची सवय होते, आणि ती लागतेच. पण जे मोजलं जातं ते बहुतांशी उताऱ्याच्या बाहेर तयार झालेलं असतं: जगाबद्दलची माहिती, आणि दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत धरून ठेवण्याची सवय. या दोन्ही गोष्टी आपल्या शिक्षणात कोणी रीतसर दिलेल्याच नसतात. म्हणून बावीस वर्षांच्या मुलाला अचानक वाटतं की आपल्याला वाचता येत नाही.

आधी वेगाचं भूत उतरवू, कारण सगळ्यात जास्त पैसा त्यावर खर्च होतो. उतारा साधारण 500 शब्दांचा धरा, चार मिळून 2000. मिनिटाला 200 शब्द ही काही धावपळ नव्हे. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस शांतपणे याहून थोडं जास्तच वाचतो. या चालीने चारही उतारे 10 मिनिटांत संपतात. बाकीच्या आठ प्रश्नांना 10 मिनिटं द्या. उरलेल्या 20 मिनिटांत 16 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट. आता मराठी माध्यमातून आलेला, मिनिटाला 140 शब्दांच्या चालीने वाचणारा मुलगा घ्या. त्याला वाचायला सव्वाचौदा मिनिटं लागतील. फरक पडला तो चारेक मिनिटांचा. खरी गळती इथे नाहीच. दोन ऑप्शनमध्ये अडकून, उताऱ्याकडे तीनदा परत जाऊन, शेवटी घाबरून कुठलातरी एक टिक करण्यात त्याची मिनिटं जातात. एकदा वाचून नेमकं काय म्हटलंय ते हाती लागलं असतं, तर परत जायची वेळच आली नसती.

वाचनाचा वेग विकण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी 1959 मध्ये त्याचे वर्ग सुरू केले आणि पुढे ते चांगलेच फोफावले. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये या विषयावरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. निष्कर्ष क्लासवाल्यांना आवडणारा नव्हता: वेग ताणला की समज घटते. जे खरोखर भरभर वाचून समजून घेतात, त्यांच्या वेगामागे डोळ्यांची कसरत नसून भाषेची जाण आणि विषयाची ओळख असते. म्हणजे गाडं पुन्हा उताऱ्याबाहेर आलं.

युक्त्या सगळ्याच फोल आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. चार ऑप्शनमधून डोळे मिटून एक उचललात तर सरासरीने हाती शून्य येतं. तीन गुण एकदा मिळतात आणि एक गुण तीनदा जातो. एक ऑप्शन खात्रीने काटता आला तर प्रत्येक प्रश्नामागे एक तृतीयांश गुणाचा फायदा, दोन काटता आले तर पूर्ण एका गुणाचा. एलिमिनेशन शिकवणारा क्लास लुबाडत नाही, तो हेच गणित शिकवतो. 1990 मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी तर कमालच केली होती. अमेरिकेच्या सॅट परीक्षेतले आकलनाचे प्रश्न त्यांनी उतारा न देताच विद्यार्थ्यांना सोडवायला दिले. ऑप्शन पाच, म्हणजे नुसत्या अंदाजाने पाचातलं एक बरोबर यावं. विद्यार्थ्यांनी त्याहून कितीतरी जास्त उत्तरं बरोबर दिली. यावरून काहींनी परीक्षेलाच मोडीत काढलं. मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. नुसते ऑप्शन पाहून शहाणपणाचा अंदाज बांधायलासुद्धा विषयाचं काहीतरी ठाऊक असावं लागतं. युक्तीही भांडवलावरच चालते.

चूक नेमकी कुठे होते ते जवळून पाहायला हवं. कॅटचे उतारे बहुधा 'एऑन'सारख्या निबंधांच्या नियतकालिकांतून किंवा अभ्यासग्रंथांतून घेतलेले असतात. त्याच धाटणीचा, आपल्या ओळखीच्या विषयावरचा एक तुकडा मी इथे रचतो:

1906 च्या 1 जानेवारीला हिंदुस्थानात प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची घड्याळं तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे होती. गिरणी कामगार खवळले, आणि शहराने पुढे कित्येक दशकं कुठे ना कुठे जुनी मुंबई वेळ जपली. सूर्याच्या चालीवर जगणाऱ्या लोकांना यंत्राची वेळ पचली नाही, असा या विरोधाचा अर्थ बऱ्याचदा लावला जातो. पण हे कामगार वर्षानुवर्षं भोंग्यावरच उठत-बसत होते, आणि महापालिकेचा कारभार घड्याळाशिवाय चालतच नव्हता. रेल्वेला सगळीकडे एक वेळ सोयीची होती यात वाद नाही. मात्र ती वेळ शहराला न विचारता शहरावर आली होती.

प्रश्न: लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता? पहिला ऑप्शन म्हणतो, घड्याळाची सवय नसल्यामुळे मुंबईकरांनी प्रमाणवेळेला विरोध केला. दुसरा म्हणतो, प्रमाणवेळेमुळे रेल्वेची सोय झाली. तिसरा: लोकांचा राग घड्याळावर नव्हता, आपली वेळ दुसऱ्याने ठरवण्यावर होता. चौथा: प्रमाणवेळेला जगात जिथे जिथे विरोध झाला, तिथे तो सत्तेविरुद्धचाच होता.

असे चार ऑप्शन समोर आले की बरीच मुलं पहिला उचलतात. का, तर ते म्हणणं उताऱ्यात नुकतंच भेटलेलं असतं. 'असा अर्थ बऱ्याचदा लावला जातो' या शेपटाकडे लक्ष गेलेलं नसतं, त्यामुळे लेखकाने खोडून काढण्यासाठी मांडलेलं मत लेखकाच्याच नावावर जमा होतं. दुसरा ऑप्शन खराच आहे, लेखकही तो मान्य करतो, पण जाता जाता. चौथा तिसऱ्याचाच फुगवलेला भाऊ: दिशा बरोबर, आवाका भलताच. आता या उताऱ्यात एकही अवघड शब्द नाही, आणि तो मराठीत आहे. तरीही पहिला ऑप्शन उचलणारा मुलगा उचलतोच. मग इंग्रजी कच्चं आहे या निदानाचं काय करायचं?

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थात या चुकीला जागाच नव्हती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. मग तो खोडायचा. मग आपला सिद्धान्त. वाचणारा पहिल्यापासून सावध, की आत्ता बोलतंय कोण. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या मीमांसकांच्या कसोट्या दिल्या आहेत. आरंभ आणि शेवट कशाने झालाय, पुन्हा पुन्हा काय येतं, नवं काय सांगितलंय, त्याचं फळ काय, कोणता मजकूर केवळ स्तुती किंवा दाखला म्हणून, म्हणजे अर्थवाद म्हणून, आलाय, आणि युक्तिवाद कशाच्या बळावर उभा आहे. आरसीवरच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकाला याहून फार वेगळं सांगता आलेलं नाही. वर दुसरा ऑप्शन निवडणाऱ्याने अर्थवादालाच तात्पर्य मानलं, असं एखादा शास्त्री म्हणाला असता आणि पुढच्या श्लोकाकडे वळला असता.

आपण काय करतो? बोर्डाची कृतिपत्रिका काढून पाहा. उतारा दिलेला, खाली चौकटी: आकृतिबंध पूर्ण करा, कोण ते लिहा, कारण लिहा. उत्तर उताऱ्यात कुठेतरी अख्खंच्या अख्खं बसलेलं असतं. शब्द शोधायचा, ओळ हेरायची, उचलून चौकटीत ठेवायची. दहा वर्षं मुलाने हेच केलं आणि त्याबद्दल शाबासकी मिळवली. मग कॅटमध्ये ओळखीच्या शब्दांचा ऑप्शन दिसला की त्याचा हात आपोआप तिकडे जातो, यात त्याचा काय दोष? 'स्वमत' नावाची कृती आहे खरी, आणि ती आणणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता. पण तिचीही तयार उत्तरं गाईडमध्ये छापून आली आणि मुलं दुसऱ्याचं स्वमत पाठ करू लागली. इंग्रजीच्या पेपरात वेगळं काही घडत नाही. म्हणूनच सफाईने इंग्रजी बोलणारी, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉन्व्हेंटमधली मुलंही याच ठिकाणी अडखळतात. लातूरहून आलेल्या मुलाला त्यांचा हेवा वाटतो. तो निम्मा तरी विनाकारण आहे.

निम्मा, कारण भाषेचा उंबरठा असतोच. मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तरच माणूस मदतीशिवाय नीट वाचू शकतो, असं हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 मध्ये दाखवलं. 500 शब्दांच्या उताऱ्यात दहापेक्षा जास्त शब्द अडले की कसला पूर्वपक्ष आणि कसलं काय. त्या मुलाला शब्द कमवावेच लागतील. पण ते यादीतून येत नाहीत, वाचताना तोच शब्द पाच-सात निरनिराळ्या ठिकाणी भेटला की येतात. कॅनडाचे जिम कमिन्स सत्तरच्या दशकापासून मांडत आले आहेत की एका भाषेत घडलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत उतरते. उंबरठा ओलांडला की मराठीत कुरुंदकर किंवा इरावती कर्वे वाचून आलेला मुलगा, कॉन्व्हेंटमधल्या न वाचणाऱ्या मुलाच्या पुढे जातो. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. संख्येने थोडे, पण पाहिले आहेत.

दुसरं भांडवल माहितीचं. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. चाचण्यांत वाचनात कच्ची ठरलेली, पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, उत्तम वाचणाऱ्या पण खेळ न समजणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याला ते लगेच पटावं. 'खेळ संपायला वीस मिनिटं असताना तिसरा गडी बाद झाला, तसं कर्णधाराने एका वेगवान गोलंदाजाला पॅड बांधायला सांगितलं.' या वाक्यात कारण कुठेही दिलेलं नाही. आपल्याला ते दिसतं, कारण नाइट वॉचमन काय असतो ते माहीत आहे. ज्याने क्रिकेट पाहिलेलंच नाही, त्याने हे वाक्य दहादा वाचलं, पहिल्या-शेवटच्या शब्दाला अधोरेखित केलं, तरी त्याला कर्णधार वेडाच वाटणार. त्याला कुणी 'इन्फरन्स कसा काढावा' याचा वर्ग लावला तर?

कॅटच्या उताऱ्यांचे विषयही काही अमर्याद नाहीत. वसाहतवाद आणि संग्रहालयांतल्या लुटीच्या वस्तू, उत्क्रांती, शहरांची वाढ, बाजारपेठ आणि राज्यसंस्था, भाषा आणि विचार, तंत्रज्ञानाने मजुरीवर केलेला परिणाम, विज्ञानात पुरावा म्हणजे काय. दहावीनंतर इतिहास-नागरिकशास्त्राला रामराम ठोकून जेईईच्या घाण्याला जुंपलेल्या मुलाला हे सगळं परग्रहावरचं वाटतं. त्याने अकरावी-बारावीची एनसीईआरटीची समाजशास्त्राची आणि राज्यशास्त्राची पुस्तकं शांतपणे वाचली, तरी उताऱ्यांमधली निम्मी गावं ओळखीची होतील. इंग्रजी जड जात असेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचावी. वाईहून निघालेला तो अख्खा ज्ञानाचा डोंगर आज इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे आणि स्पर्धा परीक्षांची मुलं सोडली तर त्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. वसाहतवादावरची नोंद मराठीत वाचून मग त्याच विषयावरचा इंग्रजी निबंध हाती घेतला, की शब्द अडले तरी विचार अडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे सगळं पाच वर्षांचं काम झालं; परीक्षेला सहा महिने उरलेत त्याचं काय? शिवाय माहितीचं भांडवल घरात पुस्तकं असलेल्यांकडेच जास्त असतं, मग ही परीक्षा आकलन मोजते की बापाचं कपाट? दुसरा भाग मला मान्य आहे, आणि त्याचं उत्तर क्लासकडे नाही, शाळेकडे आहे. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल 2005 पासून ग्रामीण शाळांचं चित्र मांडत आलाय: पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. तिथे सुरू झालेली गळती बाविसाव्या वर्षी पर्सेंटाइलमध्ये दिसते इतकंच. मात्र यावर उपाय म्हणून परीक्षाच सोपी करावी, लांब उतारे काढून टाकावेत, हे मला मान्य नाही. सॅटने ते केलं. 2024 पासून अमेरिकेत ती परीक्षा पूर्णपणे संगणकावर गेली आणि आकलनाचे उतारे 25 ते 150 शब्दांचे झाले, प्रत्येकावर एकच प्रश्न. मुलं कमी दमतात, पेपर लवकर संपतो, हे खरं. पण एखादा माणूस पाच परिच्छेद आपलं म्हणणं हळूहळू उभं करतो, मध्येच स्वतःवरच शंका घेतो, ते धरून ठेवणं 150 शब्दांत कसं तपासणार? उद्या हाच मुलगा मॅनेजर होऊन चाळीस पानांचा करार वाचणार आहे.

आता सहा महिन्यांचं. रोज एकच निबंध वाचावा, सावकाश, घड्याळ न लावता. मग तो मिटून दोन वाक्यं लिहावीत: लेखक कुणाचं म्हणणं खोडतोय, आणि स्वतः काय म्हणतोय. मराठीत लिहिली तरी चालतील. माझ्या मते मराठीतच लिहावीत, कारण मग उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलण्याची सोय राहत नाही. सुरुवातीला ही दोन वाक्यं लिहिताना घाम फुटतो. वाचताना सगळं कळलंय असं वाटत होतं, ते कळलेलं नव्हतं हे मिटलेल्या पानासमोर उघडं पडतं. आठवड्यातून एक मॉक पुरे. मात्र चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे बरोबर ऑप्शन का बरोबर हे लिहून थांबू नये, आपल्याला चुकीचा का आवडला ते लिहावं. आयआयएम अलीकडे प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची जाहीर करतात, त्यामुळे साहित्य अस्सल मिळतं. क्लासच्या मॉकमधले ऑप्शन पुष्कळदा लिहिणाऱ्यालाच पटलेले नसतात. महिन्याभराने आपल्या चुकांची जात दिसू लागते. कुणी कायम पूर्वपक्षात फसतो, कुणी अर्थवादात, कुणाला फुगवलेल्या भावाचा मोह आवरत नाही.

आणि ज्याच्या हातात दोनच महिने आहेत, त्याच्यासाठी फक्त हिशेब उरतो. चारही उतारे घेऊन सोळापैकी आठ बरोबर आणि आठ चूक आले, तर 16 गुण पदरात पडतात. एक उतारा सोडून बारा प्रश्न घेतले आणि वाचलेल्या वेळात त्यातले नऊ बरोबर आले, तर 24. कुठला उतारा सोडायचा हे ठरवायला प्रत्येकाचा पहिला परिच्छेद वाचावा लागतो, त्यात दोनेक मिनिटं जातात. मुलं ती द्यायला तयार होत नाहीत, पहिल्या उताऱ्यापासूनच भिडतात, आणि तो नेमका अमूर्त तत्त्वज्ञानाचा निघतो.